विश्लेषण : अंतराळयानातला पलंग भंगारात किती रुपयांना जातो?

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १ मार्च २०२२ रोजी एक हॉटेल सुरू झाले. खोल्या फक्त १००. बाहेरचे दिसेल अशी खिडकी एकाही खोलीला नाही; खिडकीच्या जागी पडदा आणि त्यावर सरकणारे तारे. पोरांचे पलंग भिंतीत कोनाडे करून बसवलेले, जहाजात असतात तसे. पाहुणे सगळे एकाच दिवशी ‘चढणार’ आणि दोन रात्रींनंतर एकदमच ‘उतरणार’. मधल्या वेळात कलाकार त्यांना एका गोष्टीत ओढणार, कुणी बंडखोर होणार, कुणी हेर. ‘स्टार वॉर्स : गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ हे त्या हॉटेलचे नाव. दोघांना दोन रात्रींचे सुमारे ४,८०९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेतीन लाखांच्या वर. ३० सप्टेंबर २०२३ रोजी शेवटचे पाहुणे उतरले आणि हॉटेल बंद झाले. जेमतेम १९ महिने.

डिस्नेसारखी कंपनी, स्टार वॉर्ससारखे नाव, तरी असे झाले. हे आपल्याकडे वाचण्याचे कारण साधे आहे. पुण्या-मुंबईत, ठाण्यात, नाशकात थीम कॅफे निघत आहेत. मुलांच्या खोलीत गाडीच्या आकाराचे पलंग, किल्ल्याच्या बुरुजासारखी कपाटे बसवली जात आहेत. त्यामागे कुणाचे तरी बँकेचे कर्ज असते, कुणाचे गहाण ठेवलेले दागिने असतात. ‘लोकांना काहीतरी वेगळे हवे असते’ हे वाक्य खरेच आहे. पण लोकांना वेगळे हवे असणे आणि त्यातून हप्ता सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाहुणे खूश होते, मग हॉटेल का बंद पडले?

स्टारक्रूझर वाईट होते म्हणून बुडाले, असे म्हणता येत नाही. राहून आलेल्यांपैकी अनेकांनी त्याचे भरभरून कौतुक केले. थीम पार्क उद्योगात मानाचा समजला जाणारा ‘थिआ’ पुरस्कारही त्याला मिळाला. टीकाही झाली, अर्थातच. जेनी निकोल्सन या यूट्यूबरने मे २०२४ मध्ये टाकलेला चार तासांचा व्हिडीओ जगभर पाहिला गेला. चार तास! तिकिटाच्या पैशात नेमके काय मिळाले, याचा असा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

आता धंद्याचा हिशेब पाहू. दोन रात्रींची एक सफर, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त १८२ सफरी. प्रत्येक सफरीत १०० खोल्या भरल्या आणि प्रत्येक खोलीत दोघे आले असे धरले, तर वर्षाची कमाई होते पावणेनऊ कोटी डॉलरच्या आसपास. कुटुंबे आली तर थोडी अधिक. आकडा मोठा वाटतो, पण तो छताला टेकलेला आहे. १०१वी खोली नाही. आणि खर्च मात्र पाहुण्यांच्या संख्येवर ठरत नाही. गोष्ट चालवायची तर सगळे कलाकार लागतातच, खोल्या १०० भरोत नाहीतर ४०. साध्या हॉटेलात गिऱ्हाईक कमी असले की एक मजला बंद ठेवता येतो. नाटकात नायक कमी करता येत नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात माणूस दरवर्षी जातो. त्याला तोच समुद्र पुन्हा हवा असतो. इथे गोष्ट एकदा कळली की कळली. लाखो रुपये देऊन तीच गोष्ट दुसऱ्यांदा ऐकायला येणारे चाहते असतात, पण त्यांच्या जिवावर १०० खोल्या वर्षभर भरत नाहीत. पहिल्या काही महिन्यांत कट्टर चाहते येऊन गेले. त्यानंतर जे उरले, त्यांना हे पैसे जास्त वाटले.

घसाऱ्याचा मुद्दा काय आहे?

हॉटेल बंद करताना डिस्नेने ‘वेगवान घसारा’ दाखवणार असल्याचे जाहीर केले. रक्कम २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरातली. या एका शब्दात या सगळ्या धंद्याची मेख आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

दुकानदार एक लाखाचा फ्रीज घेतो. तो दहा वर्षे चालेल असे धरले तर हिशेबाच्या वहीत दरवर्षी दहा हजार रुपये त्याच्या किमतीतून कमी करतो. हा घसारा. इमारतीचेही तसेच, फक्त वर्षे जास्त. पण दुकान दुसऱ्याच वर्षी बंद करायचे ठरले आणि तो फ्रीज कुणीच घेणार नसेल, तर उरलेली सगळी किंमत एकदम खर्चात टाकावी लागते. डिस्नेने तेच केले. जी रक्कम पुढची कित्येक वर्षे थोडी थोडी उतरायची होती, ती दोन तिमाहींत उतरवली.

का? कारण ती वास्तू दुसऱ्या कशालाच सहज लागू पडत नव्हती. खिडक्या नसलेल्या खोल्या साध्या हॉटेलवाल्याला नकोत. भिंतीतले कोनाड्याचे पलंग उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. सागवानी पलंग पन्नास वर्षांनीही कुणीतरी घेतो, निदान लाकडाचे पैसे येतात. अंतराळयानातल्या पलंगाला दुसरे गिऱ्हाईक नसते. थीम जितकी पक्की, तितकी वस्तूची दुसरी किंमत कमी. ग्राहकाला जे आवडते, नेमके तेच मालकाच्या वहीत खड्डा पाडते.

या धंद्यात शिरणाऱ्याने ‘लोक येतील का’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘लोक यायचे थांबले तर या सामानाचे काय’ हा विचारायला हवा. सहसा तो विचारला जात नाही.

हॉबिटन मग कसे चालते?

न्यूझीलंडमधील माटामाटा गावाजवळ अलेक्झांडर कुटुंबाचे मेंढ्या आणि गुरांचे शेत आहे, साधारण १,२५० एकरांचे. १९९८ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी जागा शोधणाऱ्या पीटर जॅक्सन यांच्या चमूने ते हवाई पाहणीत हेरले. तिथे हॉबिट लोकांचे गाव उभे राहिले, टेकडीत खोदलेली घरे आणि गोल दारे. बांधकाम अगदी तात्पुरते होते. प्लाय, साधे लाकूड आणि थर्माकोलसारखे पॉलिस्टायरीन. चित्रीकरण संपल्यावर सगळे पाडायचे ठरले होते. पाडकाम सुरूही झाले. पण पावसाने ते अडले आणि १७ घरांचे प्लायचे दर्शनी भाग उभेच राहिले.

ते पाहायला लोक येऊ लागले. २००२ मध्ये त्यांना फिरवून आणण्याचा रीतसर धंदा सुरू झाला. तेव्हा दाखवायला होते काय? पांढऱ्या प्लायच्या भिंती आणि गोल भोके. पुढे ‘द हॉबिट’च्या चित्रीकरणासाठी जॅक्सन परत आले, तेव्हा २०१० ते २०११ मध्ये गाव पुन्हा बांधले गेले आणि या वेळी टिकाऊ सामानात. पेय मिळणारी ‘ग्रीन ड्रॅगन’ ही खानावळ २०१२ मध्ये उघडली. आणि घराच्या आत पाऊल टाकायला पाहुण्यांना डिसेंबर २०२३ पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा कुठे दोन घरे आतून सजली. छोट्या माणसांच्या मापाचे पलंग, स्वयंपाकघर, टेबल, शेल्फ. हात लावता येतो, बसता येते.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. फर्निचर सर्वांत शेवटी आले, पहिल्या फेरफटक्यानंतर २१ वर्षांनी. आधी गर्दी आली, मग खर्च झाला. स्टारक्रूझरमध्ये याच्या उलट घडले.

दुसरा फरक वेळेचा. हॉबिटनची फेरी दोन-अडीच तासांची. तिकीट २०२४ मध्ये सुमारे १२० न्यूझीलंड डॉलर होते. एक गट पुढे सरकला की मागून दुसरा येतो. एकच गोल दार दिवसभरात अनेक गटांना पैसे मिळवून देते. तिथेही माणूस आयुष्यात बहुधा एकदाच येतो. पण त्याला दोन दिवस सांभाळावे लागत नाही. आणि आजूबाजूला मेंढ्या चरतातच. उद्या हॉबिट कुणाला आठवले नाहीत तरी शेत शेतच राहील.

फ्रीजमधून जाणाऱ्यांची गोष्ट

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सांता फे येथे ‘मिआऊ वुल्फ’ या कलाकारांच्या गटाने मार्च २०१६ मध्ये ‘हाउस ऑफ इटर्नल रिटर्न’ उघडले. जागा जुन्या बोलिंग अॅलीची. ती इमारत विकत घेऊन गटाला भाड्याने दिली लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी, ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले. आत एक साधे घर आहे. फ्रीजचे दार उघडले की आत बोगदा, कपडे वाळवायच्या यंत्रातून घसरले की दुसरे जग. फर्निचर हाच दरवाजा.

हे चालले, आणि जोरात चालले. कारणे पुन्हा तीच. इमारत दुसऱ्याची आणि जुनी. सामान बरेचसे भंगारातून आणून कलाकारांनीच घडवलेले. कोणत्याही सिनेमाचा परवाना नाही, त्यामुळे कुणाला रॉयल्टी नाही. पाहुणा आपल्या पायांनी फिरतो, प्रत्येकामागे नट लागत नाही.

पुढची कथा मात्र तितकी सरळ नाही. २०२१ मध्ये लास व्हेगास आणि डेन्व्हर, २०२३ मध्ये डॅलसजवळ ग्रेपव्हाइन, २०२४ मध्ये ह्यूस्टन असा विस्तार झाला. त्याच काळात वॉशिंग्टन आणि फिनिक्सचे बेत गुंडाळावे लागले. कोविडच्या सुरुवातीला दोनशेहून अधिक आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा दीडशेहून अधिक लोकांना कामावरून कमी केले. म्हणजे एक जागा स्वस्तात जमली म्हणून पाच जागा महागात जमतीलच असे नाही. युटामधील ‘एव्हरमोर’ या पार्कची तर वेगळीच तऱ्हा. तिथे झोपाळे-पाळणे नव्हते. जुन्या युरोपी गावाचा देखावा आणि त्यात वावरणारे नट हाच खेळ. २०१८ मध्ये उघडलेले ते पार्क २०२४ मध्ये बंद झाले.

फर्निचर बनवून विकणाऱ्यांचे काय?

अनुभव विकण्यापेक्षा वस्तू विकणे सोपे, असे वाटू शकते. वस्तू विकली की पैसे आले, नट सांभाळायची कटकट नाही. अमेरिकेत बोर्ड गेम आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांसाठी खास टेबले बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाहिले की हा समज थोडा हलतो.

सिअॅटल भागातील ‘गीक शिक’ ही त्यातली गाजलेली. घन लाकडाची भारी टेबले, काहींची किंमत दहा हजार डॉलरच्या आसपास. ‘शार्क टँक’मध्ये मार्क क्युबन यांनी तिच्यात पैसे घालायची तयारी दाखवली, टीव्हीवर नाव झाले. २०१७ मध्ये कंपनी बंद पडली. गिऱ्हाईक हौशी होते, मागणी होती. पण असे टेबल एक माणूस आयुष्यात एकदाच घेतो. आणि प्रत्येक टेबल गिऱ्हाईकाच्या मनासारखे करून द्यायचे म्हणजे कारखान्यात दर वेळी नवे माप, नवा वेळ.

मॅसॅच्युसेट्सच्या ‘विर्मवुड’ने वेगळा रस्ता धरला. एकच टेबल, त्याचे सुटे भाग ठरावीक मापाचे, जोडणी गिऱ्हाईकाने करायची. २०२० च्या अखेरीस किकस्टार्टरवर या टेबलासाठी सुमारे ८८ लाख डॉलर जमले. डोळे दिपवणारा आकडा. पण तो नफा नव्हता, तो बयाणा होता. आज घेतलेल्या पैशात उद्याच्या लाकडाने टेबल करून द्यायचे होते. २०२१ मध्ये अमेरिकेत लाकडाचे भाव आणि वाहतुकीचा खर्च कुठल्या कुठे गेला. टेबले पोहोचायला ठरल्यापेक्षा बराच उशीर झाला.

आपल्याकडच्या सुतारकाम करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. बयाणा घेतल्यावर प्लाय महागला की मजुरी कुठून जाते, हे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कुणालाही विचारावे.

या टेबलांमधली एक युक्ती मात्र घेण्यासारखी आहे. खेळायचा भाग खाली, खोलगट. वर सपाट फळ्या टाकल्या की तेच घरातले जेवणाचे टेबल. पाहुण्यांना कळतही नाही. म्हणजे थीम लपवता येते आणि ती नको झाली तरी वस्तू उपयोगाची राहते. मुलांच्या पलंगाला हाच न्याय लावून पाहावा. दहाव्या वर्षी गाडीच्या पलंगावर झोपायला कोण तयार असते? मित्र घरी आले की दार लावून घेतो पोरगा. त्यापेक्षा साधा सहा फुटी पलंग करून गाडीचा आकार फक्त डोक्याकडच्या, स्क्रूने काढता येणाऱ्या फळीला दिला, तर सुताराचेही काम होते आणि आईबापांचा पलंगही वाचतो. ऑर्डर थोडी लहान होते हे खरे.

परवान्याचा विषयही इथेच येतो. प्रसिद्ध पात्राचे चित्र, नाव, चिन्ह वापरून पलंग विकायचा तर मूळ कंपनीचा परवाना लागतो. त्यात विक्रीवर ठरलेला टक्का असतो, आणि अनेकदा विक्री होवो न होवो द्यावी लागणारी किमान रक्कमही. छोट्या कारखानदाराला ते झेपत नाही. मग ‘तसेच दिसणारे’ बनवले जाते. नोटीस येईपर्यंत सगळे सुरळीत असते. ड्रॅगन, किल्ला, जंगल, जहाज ही कुणाच्या मालकीची नाहीत. तिथेच छोट्या माणसाला जागा आहे.

खोपोलीत काय घडले?

महाराष्ट्राला हा धडा परदेशातून आणायची गरजही नाही. मनमोहन शेट्टी यांच्या ‘अॅडलॅब्स’ने मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेजवळ खोपोली येथे एप्रिल २०१३ मध्ये ‘इमॅजिका’ सुरू केले. ‘मिस्टर इंडिया’वर बेतलेली राइड, भुताचा किल्ला, ‘नायट्रो’ रोलर कोस्टर. पुढे वॉटर पार्क आले, हॉटेल आले, स्नो पार्क आले. सहली गेल्या, पोरे खूश झाली. तरीही कंपनी वर्षानुवर्षे तोट्यात राहिली. २०१५ मध्ये शेअर विक्री करताना किंमतपट्टा खाली आणावा लागला आणि मुदत वाढवावी लागली. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा पार्कच्या तिकिटावर २८ टक्के कर होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्के झाला. कर्ज हजार कोटींच्या वर गेलेले. त्यावर कोविडने दारे बंद केली.

२०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनी ताब्यात घेतली. कर्जदात्यांनी तडजोडीत मोठे पाणी सोडले. त्यानंतर कंपनीच्या ताळेबंदात नफा दिसू लागला. त्या नफ्यात तडजोडीने सुटलेल्या कर्जाचाही मोठा वाटा होता, हे विसरता येत नाही. पण मुद्दा असा की राइड त्याच होत्या, किल्ला तोच होता, एक्स्प्रेसवेही तोच. बदलली ती नव्या मालकाला पडलेली किंमत. पहिल्या मालकाला जे पेलवले नाही, तेच दुसऱ्याला परवडू लागले. थीमच्या धंद्यात हे पुन्हा पुन्हा दिसते. मधला फरक कुणी सोसला? बँकांनी, आणि २०१५ मध्ये शेअर घेतलेल्यांनी.

मालपाणी समूहाचा याआधीचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. शिर्डीत त्यांचे वॉटर पार्क आणि ‘साई तीर्थ’ हे भक्तीवर आधारलेले थीम पार्क आहे. शिर्डीत गर्दी आणायला जाहिरात लागत नाही. रोज नवे लोक येतात, दर्शन झाले की पोरांना घेऊन दोन-तीन तास कुठे काढायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे असतोच. हॉबिटनप्रमाणे इथेही गर्दी आधी होती.

गाळा घेऊन थीम कॅफे काढायचा असेल तर?

समजा, पुण्यात एखाद्या जोडप्याने भाड्याच्या गाळ्यात जादूच्या दुनियेचा कॅफे काढायचे ठरवले. भिंतींवर फायबरचे झाड, छताला पीओपीच्या गुहा, बुंध्यासारखी टेबले, सिंहासनासारख्या खुर्च्या. इंटिरियरचा खर्च ३० लाख धरू. भाडेकरार तीन वर्षांचा. करार वाढला नाही, किंवा तोवर थीम जुनी झाली, तर या ३० लाखांची वसुली ३६ महिन्यांतच व्हायला हवी. म्हणजे महिन्याला ८३ हजार रुपयांहून थोडे अधिक. यात व्याज धरलेले नाही.

माणशी बिल ४०० रुपये आणि त्यातून सामानाचा खर्च वजा जाता २४० रुपये उरतात असे समजू. ८३ हजार भागिले २४०, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास माणसे, दिवसाला सरासरी १२. ही १२ माणसे फक्त झाड, गुहा आणि सिंहासने फेडायला. भाडे, पगार, वीज, ऑनलाइन ऑर्डरवाल्यांचे कमिशन हे सगळे तेराव्या माणसापासून सुरू होते. आणि शेजारचा साधा इराणी पद्धतीचा चहावाला दहा लाखांच्या इंटिरियरमध्ये तीच चार टेबले रोज सहा वेळा फिरवत असतो. फोटो काढायला आलेले गिऱ्हाईक एका कॉफीवर दीड तास बसते, हा हिशेब वेगळाच.

हेच काम साध्या मजबूत खुर्च्या, साधी टेबले, आणि थीम फक्त दिव्यांत, पडद्यांत, रंगात, भांड्यांत ठेवून केले तर खर्च निम्म्याखाली येऊ शकतो. कंटाळा आला की सहा महिन्यांनी दुनिया बदलता येते, मग जुने गिऱ्हाईकही पुन्हा डोकावते. खुर्च्या तर कधीही विकता येतात. जुन्या हॉटेल फर्निचरला गिऱ्हाईक मिळते, सिंहासनाला लग्नाच्या डेकोरेशनवाल्याखेरीज कोण विचारणार?

आणखी एक कलम बहुतेक भाडेकरारांत असते, सही करताना ते कुणी मोठ्याने वाचत नाही. मुदत संपली की गाळा घेतला तेव्हा होता तसा परत द्यायचा. म्हणजे गुहा फोडायची मजुरी, झाड कापायची मजुरी आणि राडारोडा वाहून नेणाऱ्या टेम्पोचे भाडे भाडेकरूच्याच खिशातून जाते, बहुतेक वेळा अनामत रकमेतून कापून.